पाणी पिताना दिसलेली गाठ

अमरावती
१६ जुलै

ताई,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तरी उघडलंस, तर आता शेवटपर्यंत वाच.

फोन का केला नाही, असं म्हणशील. तुझा नंबर माझ्या फोनवरून लागत नाही, तीन वर्षं होत आली. नागसेनभाऊजींना लावता आला असता. पण त्यांनी फोन तुझ्या हाती दिला असता, तू 'हं, बोल' म्हणाली असतीस, आणि दुसऱ्याच वाक्याला आपण माय गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जिथे थांबलो होतो तिथूनच पुन्हा सुरू झालो असतो. मंडपात, सगळ्या नातेवाइकांसमोर. आता भांडायची ताकद माझ्यात नाही. म्हणून पत्र.

मला दिवस गेलेत. पाचवा महिना लागलाय. याआधी दोनदा राहिलं आणि गेलं. पहिल्याचं तुला माहीत आहे, तेव्हा तूच माझ्याजवळ होतीस. दुसऱ्याचं नाही. ते मागच्या वर्षी झालं. या वेळी मी घराबाहेर कोणालाच काही सांगितलं नव्हतं. क्लासवर मुलांना इतिहास शिकवताना टेबलामागेच उभी राहते, म्हणजे पोट दिसू नये. पायल नावाची माझ्यासोबत शिकवणारी मैत्रीण आहे, तिने ओळखलं, बाकी कोणी नाही.

आता दुसरी गोष्ट. एके दिवशी जेवताना मला ठसका लागला म्हणून मी तांब्याने पाणी प्यायले, वर मान करून. अनुपची आई समोर बसली होती. भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. म्हणाली, "अव दीक्षा, तुह्या गयात हे काय वरखाली होऊन राहिलं?"

आरशासमोर उभी राहून पुन्हा पाणी प्यायले. खरंच होतं. गिळलं की बोराएवढं काहीतरी वर सरकायचं आणि खाली यायचं. दुखत नाही, खुपत नाही. कधीपासून आहे कोण जाणे.

माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंनी गळा चाचपला आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. ताई, ज्या टेबलावर महिन्यापूर्वी पोटावर थंड जेल लावून बाळ पाहिलं होतं, तेच टेबल, तीच बाई. तेव्हा तिने पडदा माझ्याकडे फिरवला होता, हे पाहा डोकं, हे पाहा हात. या वेळी फिरवला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "डॉक्टर सांगतील."

तिथून गळ्याच्या सर्जनकडे. ते म्हणाले, गाठीच्या कडा त्यांना आवडल्या नाहीत, सुई घालून तपासावी लागेल, त्याने बाळाला काही होत नाही. मग विचारलं, "घरात कोणाला थायरॉइडची गाठ, कॅन्सर?"

मी म्हटलं, "माझी आई गेली. गळ्याचंच काहीतरी होतं."

"काय होतं?"

"माहीत नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही त्यांच्या मुलगी ना?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होते?

त्यांचं म्हणणं असं की थायरॉइडच्या कॅन्सरचे प्रकार असतात. बहुतेक हळू वाढतात. एक मात्र रक्तातून उतरतो, आईकडून मुलींकडे. तो असेल तर सगळा विचार वेगळा. आणि तो असेल तर, ताई, तुझाही गळा तपासावा लागेल.

म्हणून विचारते. मायला नक्की काय झालं होतं? तुला माहीत आहे. तुलाच माहीत आहे. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल. आणि आरशासमोर उभी राहून पाणी पिऊन बघ.

दीक्षा


अमरावती
२९ जुलै

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मी रोज स्वतःला सांगते. मग वाटतं, पोचलं असेल. तुझ्या खानावळीत सकाळ-संध्याकाळ पोरांच्या पंगती उठतात, त्या गर्दीत कुठे पडलं असेल. मग वाटतं, वाचलं असेल.

सुईचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहेच असं लिहिलेलं नाही, नाही असंही लिहिलेलं नाही. संशय आहे, आणि तो बराच आहे. डॉक्टरांनी नीट समजावलं. एक रस्ता म्हणजे बाळंतपण होईपर्यंत थांबायचं, मधे मधे सोनोग्राफी करून लक्ष ठेवायचं. दुसरा म्हणजे आत्ता, या मधल्या महिन्यांतच ऑपरेशन. पहिल्या महिन्यांत बाळाला धोका, शेवटच्या महिन्यांत वेळेआधी कळा येण्याची भीती. त्यांनी गळ्याची पुन्हा एकदा बारकाईने सोनोग्राफी करायला सांगितलीय, बाजूच्या गाठींत काही पसरलंय का ते पाहायला. आईचा आजार कळला का, असं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बहिणीला पत्र टाकलंय. ते म्हणाले, "पत्र?"

मी विचारलं, ऑपरेशनने आवाजाला काही होतं का? त्या ग्रंथीच्या अगदी मागून आवाजाची नस जाते म्हणे. जपतात, पण खात्री कोणी देत नाही. ताई, दोनशे पोरांसमोर माइक बंद पडला तरी मागच्या बाकापर्यंत माझा आवाज जातो. मी कमावते ते त्या आवाजावरच. पण डॉक्टरांसमोर बसून मी हेच आधी विचारलं, बाळाचं नंतर. तेव्हापासून माझं मन मलाच खातंय.

अनुपला यातलं काही माहीत नाही. गाठ त्याच्या आईने पाहिली, म्हणून तेवढं माहीत आहे. मी सांगितलं, थायरॉइड वाढलंय, दिवसांत बऱ्याच बायकांचं वाढतं, गोळी सुरू केलीय. त्याची चांदूर रेल्वेला शाळा, सकाळी जातो, संध्याकाळी दमून येतो. त्याने सगळं खरं मानलं. सुई टोचायच्या दिवशी पायल सोबत आली. गळ्यावर पट्टी होती, मी ओढणी गुंडाळली. त्याच्या आईने विचारलं तर म्हटलं, काहीतरी चावलं. मागचं बाळ गेलं तेव्हा अनुप आठ दिवस नीट जेवला नव्हता. या वेळी तो पाळण्याचे दोर पाहून आलाय. कोणत्या तोंडाने सांगू?

आणखी एक. परवा राजकमल चौकात ऑटोत बसले होते, सिग्नलला ऑटो थांबला आणि पोटात हललं. पहिल्यांदा. आतून कोणी बोटाने हळूच टिचकी मारावी तसं. दोन्ही वेळा मी इथवर पोचलेच नव्हते, म्हणून मला हे माहीतच नव्हतं. मला हसू यायला हवं होतं ना? मी ऑटोवाल्याला म्हटलं, भाऊ, हळू चालवा. आणि घर येईपर्यंत दोन्ही हातांनी सीटची दांडी धरून बसले.

ताई, रागाने का होईना, पण लिही.

दीक्षा


अकोला
३ ऑगस्ट

दीक्षा,

जयभीम. तुही दोन्ही पत्रं भेटली. पयलं भेटलं त्याच दिवशी वाचलं होतं. काय लिहावं ते समजत नोतं. लिहिनं माहं काम नाही, तुले मालूम हाय. तू शाळेत जात होती तवा मी भाकरी थापत होती.

मायले थायराइडचाच कॅन्सर होता. डॉक्टर पॅपिलरी म्हने. तो शब्द मी पाठ करून ठेवला होता, कोनी इचारलं तं सांगता याले पायजे म्हनून. पन कोनी इचारलंच नाही. तुनं बी नाही. तुनं फक्त इचारलं, मले काहून नाही सांगतलं.

हा हळू चालनारा हाय म्हने, पोरीले उतरते तो नोहे. तुह्या डॉक्टरले हे सांगजो. मायच्या गयात ते कइपासून होतं. पदर गुंडाळून फिरे. मी म्हनो, माय, दवाखान्यात चाल. ती म्हने, दुखत नाही तं काहून जाऊ? वावरात निंदाले जाई तशीच. मंग खोकला सुरू झाला तवा नेलं, तवा फुप्फुसात गेलं होतं. डॉक्टर मले बाहेर नेऊन म्हने, बाई, आधी आनलं असतं तं हे बरं होनारं होतं. ते वाक्य मी एकटीनं आयकलं. नागसेन बी तवा गोया आनाले गेला होता.

आता तुह्या रागाचं. तुही मेन परीक्षा होती. माय रोज इचारे, दीक्षा आली का? मी म्हनो, पेपर झाले का येते. तुले फोनवर म्हनो, माय बरी हाय, तू अभ्यास कर. दोघींशी खोटी बोलली. तू आली तवा ती बोलत नोती. मी चुकली असं मी आज बी म्हनत नाही. आपल्या घरातून कोनी सायेब व्हाले पायजे, हे मायचंच म्हननं होतं. तू पास नाही झाली, त्याले मी काय करू?

पन मले एक सांग. तुनं अनुपले गोळीचं सांगतलं, त्याच्या मायले काहीतरी चावल्याचं सांगतलं. काहून? तो जेवनार नाही म्हनून. मंग मंडपात चार लोकायसमोर मले खुनी काहून म्हनली?

जाऊ दे. हे वाचलं का आज त्याले सांगजो. चपला काढाच्या आधी सांगजो. जेवन झाल्यावर सांगतो म्हनशीन तं तुह्याच्यानं होनार नाही, मी केलेलं हाय ते.

नागसेननं माहा गया दाखवून आनला. सोनोग्राफी केली. साफ हाय.

ऑपरेशन ठरलं तं मी येतो. खानावयीचं पायाले नागसेनची बहीन हाय. तू नको म्हनली तरी येतो. पोट्टे म्हनतीन दोन दिवस भाजी खारट हाय, म्हनू दे.

मैना


अमरावती
२६ ऑगस्ट

ताई,

तू काल गेलीस आणि घर एकदम गप्प झालं. मी तर गप्पच आहे. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलेली नाही, पण बोलले तर नुसती हवा येते. म्हणून इतके दिवस तुला जे सांगायचं राहिलं ते लिहिते.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी दाराशीच उभी राहिले. अनुपने एक चप्पल काढली होती. मी सगळं सांगितलं, सुई, रिपोर्ट, माय, सगळं. त्याने ऐकून घेतलं. काढलेली चप्पल पुन्हा घातली आणि खाली गेला. खिडकीतून पाहिलं तर पार्किंगमध्ये मोटरसायकलवर बसला होता. हेल्मेट घालून. गाडी सुरू न करता.

बऱ्याच वेळाने मी खाली गेले.

"तू एकटी गेली होती सुई टोचाले?"

"पायल होती."

"पायल होती," तो म्हणाला. मग हेल्मेटच्या आतूनच म्हणाला, "मी काय पाहुणा हाय का घरात?"

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून रजा टाकून सोनोग्राफीला सोबत आला. पडदा फिरवा, असं त्यानेच त्या बाईला सांगितलं. तिने फिरवला. गळ्याच्या बाजूला आणखी एक गाठ होती, लहान. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, आता बाळंतपणापर्यंत थांबा असं मी सांगणार नाही. अनुपने विचारलं, "अन् बाळ?" ते म्हणाले, "धोका कमी आहे. नाही असं मी म्हणणार नाही."

घरी आलो. ठरत नव्हतं. अनुप म्हणायचा करू, मी म्हणायची थांबू. मग मी म्हणायची करू, तर तो म्हणायचा थांबू. शेवटी त्याची आई कणीक मळता मळता म्हणाली, "तू राहशीन तं दुसरं बी होईन. तू नाही राहिली तं त्या लेकराले मी पाहू का? माह्या गुडघ्यायकडे पाय." तिला ते मायेने सांगायचं होतं की खरंच गुडघ्यांचं, मला कळलं नाही. पण त्यानंतर आम्ही तारीख घेतली.

आता मला ऑपरेशनच्या दिवसाचं लिहू दे, कारण तुला वाटतं मी शुद्धीत नव्हते. मी होते. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत होतं. मी 'बाळ' असं म्हणायचा प्रयत्न करत होते. घशातून काहीच निघत नव्हतं. मला वाटलं, मी म्हणतेय आणि मुद्दाम कोणी उत्तर देत नाहीये. मला वाटलं, संपलं.

मग तुझा आवाज आला. "सिस्टर, ते ठोके आयकाचं मशीन लावा."

"आत्ताच पाहिलंय हो, नॉर्मल आहे."

"तुमी पायलं. तिनं आयकलं नाही. पुन्हा लावा."

"ताई, त्या गुंगीत आहेत."

"गुंगीत हाय, मेली नाही. लावा."

पोटावर ते थंड लागलं. आधी नुसती खरखर. ती खरखर किती वेळ चालली असेल, मला तर वर्ष वाटलं. आणि मग टपटप, टपटप, टपटप, घोडा पळवल्यासारखं. तू म्हणालीस, "आवाज वाढवा." त्यांनी वाढवला. मला वाटतं पूर्ण वॉर्डाने ऐकलं असेल.

तेव्हा मी तुझा हात दाबला. तुला कळलं की नाही माहीत नाही, कारण तू सिस्टरशी भांडत होतीस.

आज तपासणीचा रिपोर्ट हातात आला. पॅपिलरीच. बाजूच्या दोन गाठींत गेलेला. दिसला तेवढा सगळा काढलाय म्हणतात. उरलंसुरलं काही असेल तर त्याचं औषध बाळंतपणानंतर, आत्ता देता येत नाही. रोज एक गोळी, ती आता जन्मभराची. बोटांना मुंग्या येतात, त्यासाठी कॅल्शियम. आवाजाचं डॉक्टर म्हणतात, नस शाबूत आहे, सुजली आहे, वाट पाहा.

वाट पाहतेय. दुपारी अनुप शाळेत, त्याची आई झोपलेली, अशा वेळी मी गॅलरीत जाऊन 'शिवकालीन महसूल व्यवस्था' एवढं म्हणून बघते. शेजारच्या कबुतरांनाही ऐकू जात नाही.

मंडपातल्या त्या शब्दाबद्दल तू इथे असताना काही बोलली नाहीस. मीही बोलू शकत नव्हते. बरंच झालं. बोलता आलं असतं तर मी पुन्हा वाद घातला असता. मायने तुला विचारलं आणि तू खोटं सांगितलंस, ते मला अजूनही पटत नाही, ताई. पण डॉक्टरांचं ते वाक्य तू एकटीने ऐकलंस, हे मला ठाऊक नव्हतं.

दीक्षा


अमरावती
१७ एप्रिल

ताई,

जयंतीच्या मिरवणुकीत चार महिन्यांच्या खेमाला पांढरं झबलं घालून नेलं होतं. डीजेच्या दणक्याने रडेल वाटलं, तर अनुपच्या खांद्यावर झोपून गेली. फोटो भाऊजींच्या फोनवर पाठवलेत.

आपण आता रोज फोनवर बोलतो, तरी हे लिहूनच पाठवते, म्हणजे तुझ्या हाताशी राहील. आणि फोनवर माझा आवाज मधेच फाटतो, मग तू 'पानी पे' म्हणतेस आणि विषय निघून जातो. क्लासवर कॉलरचा माइक लावून शिकवते. पोरं म्हणतात, मॅडम, आता तुमी रागावल्या तरी समजत नाही.

तर नागपूरची तारीख आली. पुढच्या आठवड्यात आयोडिनचं किरणोत्सारी औषध देणार. ते घेतल्यावर काही दिवस माझ्या अंगातून त्याचा असर बाहेर पडत राहतो, म्हणून लहान लेकराला माझ्याजवळ आणायचं नाही. घरी आल्यावरही नाही, ते सांगतील तोवर. फेब्रुवारीतच अंगावरचं दूध तोडायला लावलं ते यासाठीच. ते दिवस मी तुला सांगितले आहेत. ती छातीशी तोंड घासायची आणि मी तिला अनुपच्या आईंकडे द्यायची.

आईंना तिला उचलणं झेपत नाही. एका घरात मी आणि ती, मधे बंद दार, हे मला झेपणार नाही. ती रडली तर मी दार उघडेन. म्हणून तिला तुझ्याकडे पाठवते. अनुप बडनेऱ्याहून गाडीने घेऊन येईल, एक दिवस राहील, मग मला घेऊन नागपूरला.

औषधानंतर पूर्ण अंगाचा फोटो काढतात, कुठे काही उरलंय का ते त्यात दिसतं. डॉक्टरांना विचारलं, मग मी बरी झाले असं म्हणायचं का? ते म्हणाले, फोटो पाहू. कोणीच 'बरी झालीस' म्हणत नाही. मीही आता विचारणं सोडलंय. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, अर्ध्या तासाने चहा, आणि मग दिवस सुरू.

दूध पावडरचे दोन डबे बॅगेत आहेत. पाणी उकळून कोमट करजो, तुझ्या खानावळीतल्या पिंपातलं नको. मालिश करताना डोक्यावर तेल थापू नकोस, तिला पुरळ येतं. पंखा बंद झाला की जागी होते. भाऊजींच्या मिश्या तिला नवीन आहेत, पहिल्या दिवशी रडेल, त्यांना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. खानावळीतल्या पोरांनी हात धुतल्याशिवाय घ्यायचं नाही, कितीही लाडाने मागितली तरी.

आणि ती झोपत नसेल तर डाव्या खांद्यावर घे. उजव्यावर झोपत नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी
दीक्षा